पाना, पकड आणि भाऊबंद

'पंक्चर' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत आपण कधी पडलो नाही. गरजच वाटली नाही. दिवसभर राबून माणूस घरी आला की म्हणतो, "आज पार पंक्चर झालोय." इतका तो शब्द आपल्या घरचा झाला आहे. पण या घरच्या शब्दामागे जी वस्तू आहे, तिचं जन्मसाल आपल्याला सांगता येतं. ते आहे १८८८.

त्याआधी सायकली नव्हत्या असं नाही. पण त्यांची चाकं लाकडाची, लोखंडी धावेची आणि पुढे भरीव रबराची. त्यांतल्या जुन्या सायकलींना इंग्रज लोक 'हाडं खिळखिळी करणारं यंत्र' अशा अर्थाच्या नावानं ओळखत. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. पोराची हाडं वाचली. हवा आली, सुख आलं आणि सुखाच्या मागोमाग पंक्चरही आलं.

सुरुवातीला हे टायर चाकाला चिकटवून टाकलेले असत. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात एक सायकलस्वार आपलं पंक्चर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. टायर सोडवून दुरुस्त करायला तीन तास लागले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. एवढं करून ते टिकलं नाहीच. या त्रासातून एदुआर आणि आंद्रे या भावांनी काढता-घालता येणारा टायर तयार केला. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी जी मोठी शर्यत झाली, ती शार्ल तेराँ यानं याच टायरवर जिंकली.

वरवर पाहिलं तर ही एका टायरची गोष्ट. मला मात्र ती फार मोठी वाटते. ज्या दिवशी टायर हातानं काढता येऊ लागला, त्या दिवशी सायकलवाला कारखान्याच्या दारातून मोकळा झाला. आता त्याला रस्त्याच्या कडेला, झाडाच्या सावलीत बसून आपलं काम आपण करता येणार होतं. साहजिकच हत्यारं त्याच्याबरोबर प्रवासाला निघाली. सीटच्या मागे लटकणारी चामड्याची छोटी पिशवी आली. तिच्यात एक पाना, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, काचकागद, रबराची ठिगळं, सोल्युशनची ट्यूब आणि तेलाची बुधली. हवा भरायचा पंप अडकवायला फ्रेमच्या नळीवरच दोन खुंट्या झाळून दिलेल्या असत. म्हणजे सायकल बनवणाऱ्यानंच मान्य केलं होतं की हे यंत्र वाटेत बिघडणार आणि ते चालवणाराच दुरुस्त करणार.

या गोष्टीला एके काळी कायद्याचं रूप होतं. 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीत पूर्वी नियम होता की सायकल मोडली तर स्वाराने ती स्वतःच, कुणाच्याही मदतीशिवाय दुरुस्त करायची. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ हा स्वार पिरिनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो सुमारे १४ किलोमीटर चालत खालच्या गावात आला. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्यानं स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, चिमटा जोडला. शर्यतीचे पंच समोर उभे राहून पाहत होते. या कामात त्याचे तीन तासांहून जास्त गेले. तरीही त्याला वेळेचा दंड झाला. का? तर भट्टीचा भाता एका पोरानं हलवला म्हणून! पंचांच्या कठोरपणावर आजही लोक चिडतात. मला त्या दृश्यात दुसरंच दिसतं. त्या काळच्या सायकलपटूला लोहारकाम येत होतं. पाय जितके त्याचे, तितकेच हातही त्याचे होते.

आता एक प्रश्न. एका गावच्या लोहाराला, मिस्त्रीला कुठलीही सायकल दुरुस्त करता यावी, हे जमलं कसं? त्याचं उत्तर मापांत आहे. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली यानं 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन. पुढच्या काही वर्षांत दोन त्रिकोण जोडल्यासारखी चौकट रूढ झाली. आपली काळी सायकल या घराण्यातलीच. नळ्या पोलादाच्या, सांधे पितळेनं झाळलेले. नळी वाकली तर सरळ करता येते, सांधा सुटला तर पुन्हा झाळता येतो. १९०२ साली तिथल्या सायकल इंजिनिअरांच्या संस्थेनं आट्यांची मापं ठरवून दिली. बहुतेक ठिकाणी इंचाला २६ आटे. ऐकायला ही रुक्ष गोष्ट आहे. पण मापं एक झाली, म्हणूनच एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसू लागला.

सायकलच्या या इतिहासात भावाभावांच्या जोड्या फार भेटतात. मिशेलिन झाले. अमेरिकेत डेटन गावी विल्बर आणि ऑरव्हिल या राइट बंधूंनी १८९२ साली सायकलचं दुकान काढलं. आधी दुरुस्ती, मग १८९६ पासून स्वतःच्या सायकली. पंखांवर वाऱ्याचा जोर किती पडतो हे पाहायला १९०१ साली त्यांनी सायकलच्या हँडलपुढे एक तिसरं चाक आडवं बसवलं आणि ती सायकल गावातून दामटली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं विमान उडालं, तेव्हा इंजिनापासून पंख्यांपर्यंत शक्ती पोचवत होत्या त्या चेन आणि दातेरी चक्रंच.

आणि आपल्याकडे? ज्या १८८८ साली डनलॉपनं टायरमध्ये हवा भरली, त्याच साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामचंद्रराव त्या विकत, लोकांना चालवायला शिकवत. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलीपाठोपाठ कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासेल, या भीतीनं शेतकरी सुरुवातीला नांगराला हात लावेनात. तरी ते काम थांबलं नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे 'भाऊबंदकी' म्हटलं की बांधावरची भांडणं आणि कोर्टकचेरी डोळ्यांपुढे येते. सायकलीनं या शब्दाला एक बरा अर्थ मिळवून दिला, असं म्हणायला हरकत नाही.

चौथी जोडी मुंजाल बंधूंची. आज पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावचे हे भाऊ १९४४ साली अमृतसरला येऊन सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करू लागले. फाळणीनंतर त्यांनी लुधियाना गाठलं आणि १९५६ साली तिथे हीरो सायकल सुरू झाली. १९८६ साली जगात सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकानं तिची नोंद घेतली. पण लुधियानाचं खरं बळ गल्लीबोळांतल्या छोट्या वर्कशॉपांत होतं. कुठे पायडल, कुठे आरे, कुठे नुसते छर्रे. माप ठरलेलं असलं की गल्लीतला कारागीरही मोठ्या कारखान्याचा भागीदार होतो.

याच मापांच्या आधारावर आपल्या गावोगावचा सायकल मिस्त्री उभा राहिला. आमच्या मोहल्ल्यात असे एक चाचा होते. चार बाय सहाची टपरी, बाहेर पाण्याचं घमेलं, पिंपळाच्या फांदीला लटकवलेले जुने टायर. शाळेची पायरी ते चढले नव्हते. पण चाक हातावर फिरवून डोळ्यानं आऊट काढायचे. मागच्या चाकाला ४० आरे आणि पुढच्याला ३२, कारण वजन मागे पडतं, हे आम्हा पोरांना त्यांनीच सांगितलं. डाव्या पायडलपाशी आमच्यापैकी कुणी अडला की हसून म्हणायचे, "बेटा, इसकी चूडी उल्टी है." पायडलचे आटे दोन्हीकडे एकाच दिशेचे असते, तर चालवता चालवता डावं पायडल आपोआप सुटत गेलं असतं. म्हणून डावीकडे उलटे आटे. हातात पाना देऊन ते हे शिकवत. इंजिनिअरिंगचा पहिला तास आमच्यासारख्या कितीतरी पोरांनी अशाच टपऱ्यांसमोर उकिडवं बसून घेतला आहे.

१९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ साली पृथ्वीला वळसा घालून परतले. इराण-इराकमधल्या त्या उजाड वाटांवर दुरुस्तीचं दुकान कुठलं असणार? असा प्रवास नुसत्या पायांच्या जोरावर होत नाही. त्याला यंत्राची नाडी ओळखणारे हात लागतात.

तो काळ फार लांबचा वाटत असेल, तर २०२०चा उन्हाळा आठवा. टाळेबंदीत कितीतरी मजूर सायकलींवरून शेकडो मैल दूरच्या आपल्या गावांकडे निघाले होते. जुन्या काळ्या सायकली. त्या मोडल्या तरी वाटेतल्या कुठल्याही गावात मिळणाऱ्या सामानानं जोडता येतील अशा होत्या. आणि त्याच वर्षी, ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, १९५१ पासून सायकली बनवणाऱ्या ॲटलास कंपनीनं साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला.

आज सायकल पुन्हा आली आहे. हलकी, गिअरची, देखणी. तिचा मला आनंदच आहे. पण तिच्यात कंपनीगणिक मापं वेगळी, काही भाग तर न उघडण्यासाठीच बंद केलेले. बिघडलं की 'पूर्ण सेटच बदला' असं सांगतात. टपरीवरच्या मिस्त्रीचा पाना तिथे बसत नाही, आणि मग हळूहळू टपरीही बसते. जे यंत्र उघडता येत नाही, त्याचे आपण फक्त गिऱ्हाईक होतो. जे उघडता येतं, त्याचे आपण मालक असतो. ज्या भावांच्या गोष्टी मी सांगितल्या, त्या सगळ्यांनी दुसऱ्यानं बनवलेली वस्तू आधी उघडून पाहिली होती.

पुण्यात जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. मुलांना ते जरूर दाखवा. पण घरातल्या सायकलीच्या सीटमागे पाना, ठिगळं आणि सोल्युशनची एक पिशवीही बांधून द्या. पहिलं पंक्चर त्यांना त्यांच्या हातांनी काढू द्या. हात काळे होतील, कपडे खराब होतील, वेळ जाईल. पाण्यात धरलेल्या ट्यूबमधून बुडबुड्यांची बारीक माळ वर येताना त्यांना दिसेल, आणि छिद्र नेमकं कुठं आहे ते त्यांचं त्यांना सापडेल.