वैशालीची दहा वत्थू आणि आचिण्णकप्पाचा प्रश्न

बुद्धशासनात शंका घेण्यास किती वाव होता, याविषयी बोलताना आपल्याकडे बहुधा कालामसुत्ताचा दाखला दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु कालाम हे केसपुत्ताचे गृहस्थ होते. संघाच्या शिस्तीने ते बांधलेले नव्हते आणि शंका घेतली म्हणून त्यांना कोणी दंड करणार नव्हते. ज्याने चीवर धारण केले आहे, जो उपाध्याय-आचार्यांच्या आश्रयाने वाढला आहे आणि दर पंधरवड्यास पातिमोक्खासाठी सर्वांसमवेत बसतो, त्याने आपल्याच संघास प्रश्न केला तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर चुल्लवग्गाचा बारावा खंधक वाचावा लागतो.

भगवंतांच्या परिनिब्बानानंतर शंभर वर्षांनी, असे पाठ सांगतो, काकण्डकपुत्त यश हा भिक्खू वैशालीस आला व महावनातील कूटागारशाळेत राहिला. उपोसथाच्या दिवशी तेथील वज्जिपुत्तक भिक्खूंनी काशाचे पात्र पाण्याने भरून संघाच्या मधोमध ठेवले आणि येणाऱ्या उपासकांकडे संघासाठी कहापण, अर्धा कहापण, पाद, निदान मासक तरी टाकण्याची मागणी केली. यशाने उपासकांस तसे न देण्यास सांगितले. उपासकांनी तरीही दिले. रात्र सरल्यावर त्या नाण्यांची भिक्खूंत वाटणी झाली, आणि यशाच्या वाट्याचाही हिस्सा त्याच्यापुढे ठेवण्यात आला. तो त्याने नाकारला. त्याने हिस्सा मुकाट्याने घेतला असता, किंवा घेऊन बाजूस ठेवला असता, तर प्रकरण तेथेच मिटले असते, असे आम्हांस वाटते. आपल्यातल्या एकाने वाटा नाकारणे हे कोणत्याही बंदिस्त समूहास उघड निंदेपेक्षा अधिक बोचते.

वज्जिपुत्तकांनी यशावर पटिसारणीय कम्म केले. श्रद्धावान उपासकांची त्याने निर्भर्त्सना केली, म्हणून त्याने त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागावी, असा हा दंड होता. येथे यशाचे विनयज्ञान कामी आले. हे कम्म ज्याच्यावर होते त्याला संघाने एक अनुदूत, म्हणजे सोबती भिक्खू, दिला पाहिजे, असा नियम आहे. यशाने तो मागून घेतला आणि त्याला घेऊन तो नगरात गेला. मात्र क्षमा न मागता त्याने उपासकांपुढे आपली बाजू मांडली. सूर्यचंद्रांना झाकोळणाऱ्या चार गोष्टींची भगवंतांची उपमा त्याने सांगितली. जसे ढग, धुके, धूर-धूळ आणि राहू, तसेच श्रमणांना मद्यपान, मैथुन, सोन्यारुप्याचा स्वीकार आणि मिथ्या आजीविका. राजगृहात मणिचूळक गामणीशी झालेला संवादही त्याने उद्धृत केला. उपासकांना ते पटले. दंडाने ज्याचे तोंड बंद करावयाचे, त्याच्याच हाती त्या दंडाने श्रोतृवर्ग दिला, आणि परत येऊन वृत्तांत सांगणारा साक्षीदारही दिला. अनुदूताने जे पाहिले तेच सांगितले. तेव्हा, संघाने नेमलेले नसताना आमची गोष्ट गृहस्थांपुढे उघड केली, असा नवा आरोप ठेवून ते भिक्खू यशाला उक्खेपनीय कम्म करण्यास जमले. पहिला आरोप गृहस्थांना दुखावल्याचा होता, दुसरा त्यांना विश्वासात घेतल्याचा. हा पालट वाचकांच्या ध्यानात येईलच.

पुढची हकीकत सुपरिचित आहे. यश कोसंबीस गेला, पावेय्यक आणि अवंति-दक्षिणापथातील भिक्खूंना त्याने दूत पाठविले, आणि अहोगंग पर्वतावर संभूत साणवासींना तो भेटला. पावेय्यक साठ जमले आणि अवंति-दक्षिणापथातील अठ्ठ्याऐंशी. दक्षिणापथाचे नाव येथे यावे, याचा आपणांस संतोष वाटावा. सोरेय्याच्या रेवतांची अनुकूलता मिळविण्यासाठी वज्जिपुत्तकांनी पात्र-चीवरे नेली. रेवतांनी ती घेतली नाहीत, पण त्यांचा परिचारक उत्तर याने आग्रहास्तव एक चीवर घेतले. रेवतांनी त्यास दूर केले. अखेर वैशालीच्या वालिकारामात सातशे भिक्खू जमले, आणि सभेत गोंधळ माजू लागल्यामुळे पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार स्थविरांची उब्बाहिका, म्हणजे निवड-समिती, नेमण्यात आली.

वादाची वत्थू दहा होती. शिंगात मीठ साठविणे, मध्यान्हीनंतर सावली दोन अंगुळे सरकेपर्यंत जेवणे, दशा नसलेले आसन, इत्यादी. सर्वसाधारण वाचकास त्यांतले शेवटचे, सोन्यारुप्याचे, तेवढे लक्षात राहते. आमच्या मते खरा मर्माचा प्रश्न सहावा आहे: आचिण्णकप्प. माझ्या उपाध्यायांनी असे केले, माझ्या आचार्यांनी असे केले, म्हणून मीही करावे, हे विहित आहे काय? उरलेल्या नऊ प्रथांपैकी कोणत्याही प्रथेच्या पाठीशी शेवटी हाच आधार उभा राहतो. सब्बकामी स्थविरांचे उत्तर थोडक्यात असे, की काही विहित आहे, काही नाही. इतर नऊ प्रश्नांना त्यांनी ती गोष्ट कोठे निषिद्ध झाली हे सांगितले. या एकाच उत्तरात स्थळाचा किंवा आपत्तीचा निर्देश नाही. तरीही निर्णयाची सहावी शलाका इतरांप्रमाणेच टाकली गेली, आणि ते वत्थू धम्माबाहेरचे व विनयाबाहेरचे ठरले. ही विसंगती संकलनकर्त्यांनी झाकलेली नाही.

हे उत्तर संदिग्ध नव्हे. भगवंतांनी वैशाली सोडल्यावर भोगनगरात जे चार महापदेश सांगितले, त्यांत हीच दृष्टी आहे. प्रत्यक्ष शास्त्याच्या मुखातून ऐकले, अमुक विहारातील स्थविरयुक्त संघाकडून ऐकले, बहुश्रुत स्थविरांकडून किंवा एका स्थविराकडून ऐकले, असे कोणी सांगितले तर त्याचे अभिनंदनही करू नये आणि तिरस्कारही करू नये. सुत्ताशी व विनयाशी ते ताडून पाहावे. आचार्यांचा आदर तेथे नाकारलेला नाही. आचार्यांचे आचरण हेच प्रमाण, ही समजूत नाकारली आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. यश हा बंधने सैल करू पाहणारा नव्हता. तो कठोर पक्षाचा होता. प्रश्न करणारा नेहमी मोकळीकच मागत असतो, हा आधुनिक समज येथे लागू पडत नाही. शिवाय जो वृत्तांत आपल्यापुढे आहे तो विजयी पक्षाने जपलेला आहे. वज्जिपुत्तकांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत आपणांस मिळत नाही. पुढे दीपवंसाने त्यांनाच महासंघिकांचे मूळ ठरविले. परंतु महासंघिकांच्या स्वतःच्या विनयात, जो चिनी अनुवादात उपलब्ध आहे, वैशालीच्या याच सभेने सोन्यारुप्याचा स्वीकार निषिद्ध ठरविल्याचे सांगितले आहे.

सब्बकामींविषयी आणखी थोडे. ते वैशालीतच राहणारे, पूर्वेकडील चौघांपैकी, आणि उपसंपदेस एकशे वीस वर्षे झालेले संघस्थविर म्हणून वर्णिलेले आहेत. सभेपूर्वीच्या रात्री साणवासींशी बोलताना, पूर्वेकडील भिक्खू अधम्मवादी आहेत असे आपले मत बनले असल्याचे त्यांनी कबूल केले. पण निवड होईपर्यंत ते जाहीर न करण्याचे ठरविले. उब्बाहिकेत दहाही उत्तरे देऊन झाल्यावर त्यांनी रेवतांस सांगितले, की हेच दहा प्रश्न मला संघाच्या मध्यभागी पुन्हा विचारा, म्हणजे त्या भिक्खूंची खात्री पटेल. रेवतांनी सातशे भिक्खूंसमोर ते पुन्हा विचारले, आणि वज्जिपुत्तकांच्या देखत सब्बकामींनी त्यांची उत्तरे पुन्हा दिली.