बैर-शेबा

बैर-शेबा : बायबलच्या जुन्या करारातील एक प्राचीन स्थळ, आजच्या इस्राएलमधील नेगेव्ह या रखरखीत प्रदेशाचे मुख्य शहर. मूळ हिब्रू उच्चार ‘बेएर शेवा’. नावातील पहिल्या पदाविषयी वाद नाही. ‘बेएर’ म्हणजे विहीर. अरबीतला ‘बिर’ हा त्याचाच सगोत्र शब्द. वाद आहे तो ‘शेवा’ या पदाविषयी, आणि तो बायबलमध्येच सुरू होतो.

‘शेवा’चा सरळ अर्थ सात. परंतु शपथ घेणे या अर्थाचे हिब्रू क्रियापदही शिन-बेथ-अयिन या त्याच तीन व्यंजनांचे आहे. जुन्या करारातील उत्पत्ती या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातील कथा या साम्याभोवतीच रचलेली दिसते. अब्राहामाने खणलेली विहीर गरारचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी बळकावलेली असते. दोघे करार करतात. अब्राहाम कळपातून सात मादी कोकरे वेगळी काढतो. राजाने ती स्वीकारणे ही विहीर अब्राहामाचीच असल्याची साक्ष ठरते. त्यानंतर, दोघांनी तेथे शपथ वाहिली म्हणून त्या जागेला बैर-शेबा नाव पडले, असे कथाकार सांगतो. ओवी २२ ते ३१ या मूळ हिब्रूतून वाचाव्यात: त्यांत ‘सात’ हा शब्द तीनदा येतो आणि शपथेचे क्रियापदही तीनदाच. इतकी काटेकोर बांधणी योगायोगाने होत नाही.

अध्याय २६ मध्ये तीच घटना अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या नावावर पुन्हा येते. अबीमलेखाशी शपथपूर्वक सलोखा होतो, त्याच दिवशी चाकर पाणी लागल्याची बातमी आणतात आणि इसहाक त्या विहिरीचे नाव ‘शिबा’ ठेवतो. या एका शब्दाचे प्राचीन भाषांतरकारांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. हिब्रू पाठावर स्वरचिन्हे देणाऱ्या मसोरा परंपरेने तो सातच्या रूपात वाचला. त्याआधीच्या ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये तेथे ‘शपथ’ आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मात्र ‘विपुलता’! शिन आणि सिन ही दोन अक्षरे मुळात एकाच आकृतीने लिहीत. त्यांच्यातला भेद दाखवणारे टिंब पुष्कळ नंतर आले. जेरोमपुढचा मजकूर बिनटिंबाचा होता. त्याने शिनच्या जागी सिन वाचला आणि शब्द तृप्तीचा, समृद्धीचा झाला.

‘सात विहिरी’ हा लोकप्रिय अर्थ व्याकरणात बसत नाही. त्यासाठी विहिरीचे अनेकवचन ‘बेएरोथ’ हवे होते, आणि नावात ते नाही. ‘शपथेची विहीर’ यालाही अडचण आहे, कारण शपथेचे रूढ नाम ‘शेवुआ’ आहे, ‘शेवा’ नव्हे. तेव्हा शब्दरूपाने ‘सातांची विहीर’ हाच अर्थ सर्वांत सरळ ठरतो. कथेने त्या सातांना शपथेचा आधार केले, आणि सेमिटिक समाजांत सातच्या आकड्याला असलेले पावित्र्य पाहता हा जोड ओढूनताणून केलेला वाटत नाही. अरबीतील ‘बिर अस-सबा’ या नावाचा अर्थ मात्र ‘सातांची विहीर’ किंवा ‘सिंहाची विहीर’ असा दोन्ही प्रकारे लावतात.

पाण्यावरच्या हक्कासाठी शपथ घ्यावी लागावी, असाच हा मुलूख आहे. पाऊस तुटपुंजा, ओढे वर्षातला बहुतेक काळ कोरडे. अब्राहामाची दासी हागार आपल्या मुलासह पाण्यावाचून भटकली ती बैर-शेब्याच्याच रानात. येथे वस्ती संपून वाळवंट सुरू होते, म्हणून संपूर्ण देश सांगायचा तर ‘दानापासून बैर-शेब्यापर्यंत’ असे म्हणत; दान हे उत्तर टोक. शमुवेलाचे मुलगे येथे न्यायनिवाडा करीत, आणि आमोस संदेष्ट्याने येथील यात्रेचा निषेध केला आहे.

प्राचीन नगराची जागा म्हणून सामान्यतः आधुनिक शहराच्या पूर्वेकडील तेल बेएर शेवा ही टेकडी दाखवतात. योहानान अहरोनी यांनी १९६९ पासून तेथे उत्खनन केले. तटबंदी, कोठारे, जमिनीखालची जलव्यवस्था आणि वेशीजवळ सुमारे ६९ मीटर खोल विहीर सापडली. एका भिंतीत शिंगांच्या वेदीचे चिरे बांधकामाचे दगड म्हणून वापरलेले आढळले. ही तटबंदीची नगरी लोहयुगातली आहे. तिच्यावरून अब्राहामाच्या कथेचा काळ ठरवणे योग्य नाही. मगिद्दो व हासोर यांच्यासह या टेकडीचा २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आधुनिक शहर ऑटोमन राजवटीने १९०० मध्ये वसवले. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ऑस्ट्रेलियन घोडदळाच्या हल्ल्यानंतर ते ब्रिटिश फौजांच्या ताब्यात आले. आज त्याची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक असून, कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाची मोठी वस्ती असलेल्या इस्राएलमधील शहरांत त्याची गणना होते.