कॉम्प्टन, कर्नल नायडू आणि १९४५ चा रणजी अंतिम सामना

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात क्रिकेटची नोंद बहुधा तळटीपेपुरतीच होते. वसाहतकालीन वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांच्या अभ्यासकाने मात्र मार्च १९४५ मधील मुंबई विरुद्ध होळकर हा सामना दुर्लक्षू नये. त्यात मिडलसेक्स कौंटीचा इंग्रज फलंदाज नागपूरला जन्मलेल्या भारतीय कर्णधाराच्या हाताखाली खेळला.

डेनिस कॉम्प्टन १९३६ मध्ये मिडलसेक्सकडून प्रथम खेळला. युद्ध सुरू झाले तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ऑगस्ट १९३९ नंतर जून १९४६ पर्यंत त्याच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. फलंदाजाच्या उमेदीची सात वर्षे अशी गेली. सैन्यात भरती झालेला कॉम्प्टन शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून महूच्या छावणीत आला. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून हे गाव नागपूरकरांना परिचित आहेच.) जवळच्या इंदूरला होळकरांचा संघ होता. १८९५ मध्ये नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९२३ पासून होळकरांच्या सेवेत होते. कळमन्यातील आमच्या विद्यार्थ्यांना नायडू ठाऊक असतात ते करंडकाच्या नावापुरते.

ब्रेबॉर्न स्टेडियमवरील सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या. दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली, कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला, तरीही संघ ४९२ वर आटोपला आणि ३७४ धावांनी हरला.

चिमूर-आष्टीच्या १९४२ मधील दडपशाहीची आठवण विदर्भात ताजी असताना, ब्रिटिश सैन्यातील एक शिपाईगडी ४९ वर्षांच्या भारतीय कर्णधाराच्या आज्ञेत खेळत होता, हे विलक्षणच. तथापि या घटनेला समतेचे प्रतीक ठरविणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. नायडूंची ‘कर्नल’ ही पदवी संस्थानी फौजेची होती. हे नेतृत्व राजाश्रयावर उभे होते, आणि ते सीमारेषेपर्यंतच चालत होते. छावणीत परतल्यावर कॉम्प्टनचे वरिष्ठ वेगळे होते.

जून १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी क्रिकेट पुन्हा सुरू झाले, ते लॉर्ड्सवर आणि भारताविरुद्धच. मर्चंट भारतीय संघात होते. लाला अमरनाथ यांनी कॉम्प्टनचा शून्यावर त्रिफळा उडवला.