गुडघ्यातल्या गादीची कुळकथा

गुडघा कुरकुरू लागला की घरोघरी निदान ठरलेलं: ‘वंगण संपलं.’ खरं तर झिजलेली असते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा. तिच्यात बहुतांश पाणीच. ते धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा माग मात्र चामड्याच्या शेजारातून निघाला.

१९५२च्या सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनच्या, म्हणजे कूर्चेचं जाळं विणणाऱ्या प्रथिनाच्या, रचनेचं कोडं हाती घेतलं. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था. आणि कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. क्ष-किरणांत रचना चांगली उमटली ती कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची! १९५४-५५मध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उत्तर मांडलं: तीन साखळ्यांचा पीळ. आत जागा इतकी कमी, की प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीनच हवं; त्याहून मोठं तिथं मावत नाही.

कोलॅजेन सगळीकडे सारखंच, असं तरीही बरीच वर्षं धरून चाललं होतं. कूर्चेतलं कोलॅजेन तपासायचं तर ते विरघळायला हवं, आणि धाग्यांमधले रासायनिक टाके ते विरघळू देत नाहीत. अमेरिकेत एडवर्ड मिलर आणि व्हिन्सेंट मटुकास यांनी वापरलेली युक्ती जरा क्रूरच. हे टाके पडूच न देणारं, स्वीट पीच्या बियांतल्या विषाच्या जातीचं रसायन कोंबडीच्या पिलांना द्यायचं, मग त्यांच्या कूर्चेतून कोलॅजेन काढायचं. १९६९ साली त्यांना त्यात अशी साखळी सापडली, जी पिलांच्या हाडात नव्हती, कातड्यातही नव्हती. हेच ‘टाइप टू’ कोलॅजेन.

पण कोलॅजेनचं नुसतं जाळं पाणी ओढत नाही. ते काम अ‍ॅग्रिकनचं. बाटली धुण्याच्या ब्रशसारखं हे प्रथिन. केसांच्या जागी ऋणभारित शर्करा-साखळ्या, एकट्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्याच शंभराच्या आसपास. असे कितीतरी ब्रश हायलुरॉनिक आम्लाच्या लांब धाग्याला लटकतात, हे १९७२मध्ये लंडनला टिम हार्डिंगहॅम आणि हेलन म्युर यांनी दाखवलं. म्युरबाईंचा जन्म आपल्या नैनीतालचा. अ‍ॅग्रिकन पाणी ओढून फुगू पाहतं, कोलॅजेन त्याला आवरतं. या ओढाताणीवरच गादी तग धरते.

अ‍ॅग्रिकन नव्यानं तयार होत राहतं. कोलॅजेनचं तसं नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डॅनिश संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की मोठेपणी गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन जवळजवळ बदलतच नाही. कूर्चा निरोगी असो की संधिवातानं झिजलेली. दुकानातली कोलॅजेन पावडर तर आधी पोटात पचते, तिचे तुकडे होतात. ती अख्खी जाऊन गुडघ्यातल्या जाळ्यात बसत नाही.