उडदाचं व्हर्जन टीएयू-१



मागच्या आठवड्यात आईने पापडासाठी ठेवलेला उडदाचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. दाण्यादाण्याला गोल भोकं, आणि कडेने बारीक भुंगे फिरतायत. पापड रद्द. उडीद गच्चीवर उन्हात गेले आणि मी मोबाईल घेऊन बसलो. एवढ्या दाण्याला स्वतःचा बचाव करताच येत नाही?

शोधता शोधता जिथे पोचलो ती जागा आपल्या पनवेलहून अगदी जवळ आहे. हार्बर लाइनने निघा, वाशीचा खाडीपूल आला की डावीकडे बघा. ती ट्रॉम्बेची टेकडी, भाभा अणुसंशोधन केंद्राची. तिथे अणुभट्ट्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक. उडदाची जात तिथून निघाली हे मला तरी माहीत नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५१ मध्ये भारतात माणशी रोज ६०.७ ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती. २००१ मध्ये आकडा ३० वर आला. म्हणजे निम्मा! हरितक्रांतीत पाणी, खत, संशोधनाचा पैसा, सरकारी खरेदी हे सगळं मुख्यतः गहू आणि भाताकडे गेलं. डाळी हलक्या, कोरडवाहू जमिनीवर सरकल्या. ज्यांच्या ताटात मांस-मच्छी नाही, त्यांच्या प्रथिनांवरच ही कुऱ्हाड होती.

त्यात उडीद म्हणजे अवघड गिऱ्हाईक. त्याचं फूल उमलायच्या आधीच स्वतःचं परागीभवन उरकून घेतं. पिढ्यानपिढ्या तेच जीन फिरत राहतात. संकर करायचा तर चिमट्याने इवलंसं फूल उघडून पुंकेसर काढायचे, आणि एवढं करून एका शेंगेत मोजकेच दाणे. निवड करायची तर मुळात फरक हवेत. ते आणायचे कुठून?

१९२७ मध्ये हर्मन म्युलर यांनी फळमाशीवर एक्स-रे सोडून जीन बदलता येतात हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी बार्लीवर. ट्रॉम्बेने हीच वाट धरली. १९७३ मध्ये तिथलं टीजी-१ हे भुईमुगाचं वाण आलं, मग कडधान्यांचं काम पुढे आलं.

बियाण्यावर गॅमा किरण सोडले की डीएनएमध्ये कुठेतरी तुटातूट होते. कुठे होईल ते कुणाच्या हातात नाही. आमच्या भाषेत, कोडमध्ये डोळे मिटून अक्षरं बदलायची आणि हजारो कॉपी चालवून बघायच्या. बहुतेक क्रॅश! पहिल्या पिढीत तर फारसं काही दिसतच नाही, कारण बहुतेक बदल जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच असतात. दुसऱ्या पिढीत ते उघडे पडतात, आणि तेव्हा माणसाला शेतात वाकून एकेक झाड तपासावं लागतं. बरं, यात दाणा किरणोत्सारी वगैरे होत नाही. एक्स-रे काढून आपण होतो का?

अशा शोधातून हाती लागलेल्या यूएम-१९६ या उडदाचा उत्तर प्रदेशातल्या टी-९ या जुन्या वाणाशी संकर केला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर चाचण्या झाल्या आणि १९८५ मध्ये टीएयू-१ आलं. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए अकोला, यू उडीद. टपोरा दाणा, ७०-७५ दिवसांत काढणी. पुढे महाराष्ट्रातल्या उडदाच्या बहुतेक क्षेत्रावर हेच पसरलं. घरचंच बी पुढच्या वर्षी पेरता येतं, हाही मोठा फायदा.

पण इथेच मला धडकी भरते. सगळे सर्व्हर एकाच जुन्या व्हर्जनवर! पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅक विषाणूपुढे टीएयू-१ टिकत नाही. एका शेतात रोग शिरला तर शेजारच्या शेतातही तेच जीन उभे आहेत. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नवी वाणं निघतात, पण त्यांचं बियाणं गावापर्यंत वेळेत पोचत नाही.

आणि भुंगा? त्याचं एक उत्तर रानात आहे. उडदाचा रानटी पूर्वज पश्चिम घाटात अजून उगवतो. बारीक दाणा, आणि शेंग वाळली की तडकून बी उडवून टाकणारी. कोण पेरेल! पण त्याच्या दाण्यात भुंग्याची वाढ लांबते आणि बाहेर पडणारे भुंगेही कमी असतात. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी या रानटी उडदाचा टीयू ९४-२ या वाणाशी संकर करून तो प्रतिकार डीएनएमध्ये कुठे बसलाय ते शोधलं. तो एका जागी नाही, अनेक ठिकाणी विखुरलाय. त्यामुळे टपोरा दाणा राखून तेवढाच उचलून आणणं हे काही वर्षांचं काम आहे.

तोवर आमचे उडीद गच्चीवरून खाली आलेत, आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.