खणाच्या कोपऱ्यातला इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, तोच तंबी देत. "आठवणींचे लेख ढीगभर आले आहेत. तू दुसरं काहीतरी लिही." म्हणून एका लाकडी सांध्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. शाळा त्यात येईलच, त्याला माझा इलाज नाही.

मैदानामागची पत्र्याची वर्कशॉपची शेड तुम्हाला आठवत असेल. आठवीत सरांनी फळ्यावर दोन फळ्यांचा कोपरा काढला आणि सांगितले, "हा डव्हटेल. कबुतराचं शेपूट." मागच्या बाकावरून घुमण्याचे आवाज आले, दोघे बाहेर उभे राहिले आणि उरलेल्यांनी करवत हातात घेतली. पेटी पूर्ण झाली की सर ती खिडकीच्या उजेडात धरून कोपऱ्यातून आरपार बघत. उजेड दिसला की मार्क गेले. फटीत सरस आणि भुसा भरून बुजवण्याची युक्ती आपल्यापैकी निम्म्यांनी केली होती आणि ती सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

निवृत्तीनंतर मी राउटर आणि जिग घेतली. जिग म्हणजे हत्याराला ठरलेल्या वाटेनेच जाऊ देणारा साचा. गेल्या दिवाळीत सागवानाची एक पेटी केली. तिच्या कोपऱ्यांवर शेपट्यांची नक्षी, आणि प्रत्येक शेपटीला शिसवीची बारीक काळी किनार. फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला. कौतुक झाले. मग एका मित्राने लिहिले, "मशीनवर केलंयस ना? सरांनी शून्य दिलं असतं." मला ते लागले. खरे सांगतो, दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग या सांध्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो.

सांध्याची गंमत त्याच्या आकारात आहे. एका फळीच्या टोकाला बाहेरच्या बाजूस रुंद होत जाणाऱ्या शेपट्या, दुसरीला त्यांच्यामधल्या जागेत बसणारे दात. खणाच्या बाजूच्या फळ्यांना शेपट्या असतात आणि दर्शनी फळीला दात. तुम्ही खण ओढता तेव्हा ओढ दर्शनी फळीवर येते आणि शेपट्या तिला सुटू देत नाहीत, खिळा नसला तरी. शेपटीचा उतार मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक ठेवायचा, हा सुतारांचा जुना हिशेब. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतून निघालेल्या लाकडी सामानात हा सांधा सापडतो, म्हणजे त्याचे वय हजारो वर्षांचे. इंग्रजांना त्यात कबुतर दिसले. फ्रेंच आणि जर्मन भाषांत त्याचे नाव पाकोळीच्या शेपटावरून आहे. लांब दुभंगलेले शेपूट पाहिले तर पाकोळीच जास्त पटते, पण सरांपुढे हे बोलायची आपली प्राज्ञा नव्हती.

आज आपण ज्याला शोभेचा सांधा म्हणतो, तो बराच काळ कुणाला दाखवायचाच नव्हता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याने मढवलेली कपाटे आली. खणाच्या दर्शनी बाजूला शेपट्यांची टोके उघडी असली, तर त्यांवर पापुद्रा नीट धरत नसे. म्हणून दर्शनी फळीत लाकडाची पातळ भिंत राखून शेपट्या आतच लपवण्याची रीत रुळली. अठराव्या शतकातल्या लंडनच्या कारागिरांनी तर शेपट्यांमधले दात इतके बारीक केले की मुळाशी ते करवतीच्या एका चिरेइतके राहिले. हे सारे कौशल्य खण बाहेर ओढल्यावरच दिसायचे.

यंत्राला हा सांधा जमायला वेळ लागला. फिरणारे पाते आतला कोपरा चौकोनी काढू शकत नाही, तो गोलच राहतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरलू गावच्या चार्ल्स नॅपने १८६७ साली पेटंट घेतले, त्यात त्याने शेपटी सोडूनच दिली. अर्धगोल खाचा आणि प्रत्येकीच्या मध्यभागी एक गोल खुंटी, असा सांधा. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या भांडवलदारांनी त्याचे हक्क घेतले आणि १८७१ पासून सुधारलेले यंत्र कारखान्यात चालू लागले. हाताने चांगला कारागीर दिवसाला पंधरा-वीस खण करी, तिथे हे यंत्र दोनशेच्या वर करू लागले. कबुतर आणि पाकोळी दोन्ही उडून गेली, आणि कोपऱ्यात चंद्रकोरीत टिकली बसवावी तशी नक्षी उरली. मला हा सांधा फार आवडतो. यंत्राने हाताची नक्कल न करता स्वतःला जमेल ते केले.

पण तो तीस वर्षेच टिकला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले. त्या सुमारास जुन्या वसाहतकाळातल्या सामानाची हौस वाढली, आणि तसल्या कपाटात चंद्रकोरी शोभेनात. एव्हाना शेपटी कापणारी यंत्रेही सुधारली होती. १९०० च्या सुमारास नॅपचा सांधा बंद पडला. म्हणजे यंत्र जिंकले ते हाताचा मुखवटा घालून! तो मुखवटा ओळखणे अवघड नाही. शेपट्या आणि दात सारख्याच रुंदीचे, अंतर सारखे, आत गोलाई असली की ते यंत्रकाम. जुने सामान पारखणारे आजही आधी खण ओढून बघतात.

आणि याच सुमारास इंग्लंडमध्ये उलटे घडले. अर्नेस्ट गिमसन आणि अर्नेस्ट व सिडनी बार्न्सली हे बंधू १८९३ मध्ये लंडन सोडून कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांत गेले आणि हाताने सामान करू लागले. पेटीच्या, कपाटाच्या कोपऱ्यावर त्यांनी शेपट्या उघड्या ठेवल्या, बघणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. माझे मत असे, की दोन शतके लपवलेला सांधा दर्शनी आला तो यंत्रामुळे. कारखान्यातून ठरावीक खण बाहेर पडू लागले, तेव्हाच हाताचा कोपरा मिरवण्याजोगा झाला.

हौशी माणसापर्यंत यंत्र पोचले ते राउटरमुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या आर. एल. कार्टरने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हातात धरायचा विजेचा राउटर बनवला, आणि १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने तो धंदा विकत घेतला. जिगमध्ये एक फळी उभी आणि एक आडवी आवळायची, वर फणीसारखा साचा ठेवायचा आणि राउटर त्या फणीच्या दातांमधून आतबाहेर करायचा. दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. पात्याचा उतार बहुधा चौदा अंशांचा, म्हणजे चारास एक, सुतारांच्या हिशेबापेक्षा बराच तिरपा. सांध्याचा घट्टपणा ठरतो पाते किती बाहेर काढले त्यावर. जास्त बाहेर काढले तर घट्ट, आत घेतले तर सैल. हे मला उलटे वाटले होते आणि त्या वाटण्यापायी सागवानाचे चार तुकडे चुलीत गेले.

१९८० च्या दशकात जिग हुशार झाल्या. कॅनडातल्या केन ग्रिस्लीच्या 'ली' जिगची बोटे सरकवता येतात. त्यामुळे शेपट्या रुंद-अरुंद, हातकामासारख्या ठेवता येऊ लागल्या. टेक्सासच्या ख्रिस टेलरने 'इंक्रा' काढली. तिच्यात करवतीसारख्या दातांच्या पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि फळीची टेकणी इंचाच्या एक बत्तिसांशाने सरकते, प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी. शिसवीची किनार शक्य होते ती या अचूकपणामुळे. आधी खाचा कापायच्या, त्यांत गडद लाकूड चिकटवायचे, वाळले की साफ करायचे आणि टेकणी किंचित सरकवून पुन्हा कापायचे. भरलेल्या लाकडाची फक्त कड शिल्लक राहते. हाताने ही किनार करायला मला जन्म पुरला नसता.

मग मित्राचे म्हणणे खोटे का? आपल्याला आठवीत हा सांधा का शिकवला, हे शोधताना मी थेट स्वीडनला पोचलो. तिथे नेस येथे ओटो सालोमनने १८७० च्या दशकात शिक्षकांसाठी हस्तकामाचे वर्ग सुरू केले. 'स्लॉइड' म्हणतात ती पद्धत, आणि तिच्या चढत्या पाठांत डव्हटेल होता. सुतार घडवणे हा सालोमनचा हेतू नव्हता. मुलाचा डोळा, हात आणि चिकाटी तयार व्हावी, एवढेच. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीच्या उद्योगांत सुतारकाम होते. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली.

म्हणजे शाळेच्या हिशेबाने मला शून्यच. त्या तासाला पेटी हवी नव्हती, हात हवा होता, आणि ते काम जिगवर सोपवून भागले नसते. पण साठीनंतर, थरथरू लागलेल्या हाताने, मला पेटीच हवी होती. मित्राला मी हे फोन करून सांगितले. तो म्हणाला, "ते सरांना सांग."

सांगणार आहे. मेळाव्याला पेटी आणतो आहे. सर, तुम्ही ती खिडकीपाशी धरालच, म्हणून आधीच कबूल करतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात खालून दुसऱ्या शेपटीशी उजेड दिसतो. पाते थोडे आत राहिले होते. भुसा भरलेला नाही.