मिलोची भाकरी आणि सोव्हिएत देश

अमेरिकेचं नाव निघालं की आजीला पहिल्यांदा आठवायची ती मिलो. बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातल्या आमच्या गावात रेशनवर ही तांबडी ज्वारी यायची. आजी सांगायची, "तिला चिकाटीच न्हवती. थापाय घेतली की कडंनं फाटायची, तव्यावर टाकली की तुकडं. पोरं रडायची. पन दुसरं व्हतं काय घरात?" तिकडे हे धान्य गुरांना, डुकरांना घालतात, अशी बातमी कुणीतरी गावात आणली होती आणि ती खरी होती; अमेरिकेत मिलो पिकायची ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठीच. आजीच्या कानावर हे आलं तेव्हा ती पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा तीच भाकरी तिनं थापली. पोरं जगली. पण ती बातमी आजी मरेपर्यंत विसरली नाही.

पुढे मी वाचलं, की सवलतीचं अमेरिकन धान्य आपण एकाहत्तरच्या अखेरीसच थांबवलं होतं आणि बहात्तर-त्र्याहत्तरला तिकडून जे आलं ते रोख पैसे मोजून घेतलेलं होतं. आजीला मी हे सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं, पण तिच्या लेखी ती भीकच राहिली. आधीच्या पंधरा-सोळा वर्षांत लोकांच्या मनावर जे कोरलं गेलं होतं, ते एका व्यवहारानं पुसलं जाणार नव्हतं.

त्या पंधरा वर्षांचे साक्षीदार आमचे तात्या, म्हणजे माझे मोठे चुलते. ते मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीच्या पोटात सुटा गहू यायचा, धक्क्यावर पोती भरून शिवली जायची आणि तात्या त्यांची मोजदाद ठेवायचे. माझगावच्या त्यांच्या खोलीत केनेडींचा फोटो होता, अगदी गणपतीशेजारी. केनेडी गेले त्या दिवशी चाळीत कुणी रेडिओवर गाणी लावली नाहीत, असं ते सांगायचे.

तो गहू यायचा कसा, हे मला पहिल्यांदा तात्यांनीच समजावलं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिकवलं होतं, सरकारी कोठारं भरून वाहत होती, भाव कोसळायची भीती होती. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. तोच पी. एल. ४८०. भारतानं पहिला करार केला १९५६ मध्ये. धान्याचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे नव्हते, रुपयांत द्यायचे होते, आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यावर साठायचे. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही केवढी सोय! मग ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनला मोठा करार झाला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. भारताच्या बाजूनं सही करणारे अन्नमंत्री होते स. का. पाटील. महाराष्ट्र राज्य जन्माला येऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. तात्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी खाल्लेले. मुंबईसह महाराष्ट्राला विरोध करणाऱ्या पाटलांचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची. तरी ते म्हणायचे, "त्या माणसानं गहू मात्र आणला."

मग १९६५ साल आलं. पाऊस रुसला. ऑगस्ट-सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवण सोडायला सांगितलं आणि तात्यांच्या चाळीत ते पाळलं गेलं. तिकडे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ठरवलं, की भारताला यापुढे वर्षावर्षांचे करार द्यायचे नाहीत. महिन्या-दोन महिन्यांपुरतंच धान्य मंजूर करायचं. किती गहू कधी सोडायचा, यावर ते स्वतः नजर ठेवत. त्यांचं म्हणणं सर्वस्वी खोटं नव्हतं. भारत शेतीकडे दुर्लक्ष करतोय, आयत्या गव्हावर विसंबलाय, हे आपलेच अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनाही पटलेलं होतं आणि ते बदलण्यासाठी झटत होते. पण हळूहळू त्यात दुसरी अपेक्षा मिसळली: व्हिएतनामच्या युद्धावर भारतानं अमेरिकेला बोल लावू नये. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला जाऊन आल्या, स्वागत झालं, आश्वासनं मिळाली. ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं; डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते साडेसात झाले. जुलैत त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवा असं म्हटलं गेलं. जॉन्सन चिडले. गव्हाच्या मंजुऱ्या लांबू लागल्या.

हे राजकारण तात्यांना धक्क्यावर दिसायचं. ते सांगायचे, "बोट कधी येणार हे वरच्या साहेबालाही माहीत नसायचं. आली की गोदामात पोतं ठेवायला वेळ नाही. तिथून थेट वॅगन, तिथून रेशन. एक बोट चुकली तर कुठल्या तरी गावात दुकान बंद." १९६६ मध्ये देशात बाहेरून आलेलं धान्य होतं सुमारे १ कोटी टन. इतकं धान्य त्याआधी कधी आलं नव्हतं. ज्या वर्षी अमेरिकेनं सर्वाधिक दिलं, त्याच वर्षाची आठवण तात्यांच्या मनात सर्वांत कडू राहिली. त्याच सुमारास कधीतरी केनेडींचा फोटो खाली उतरला. काकू म्हणायची, तात्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला आणि कुणाशी काही बोलले नाहीत.

हार्वर्डचे प्राध्यापक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये 'सॉफ्ट पॉवर' ही कल्पना मांडली. एखादं राष्ट्र दुसऱ्याकडून हवं ते करून घेतं ते धाक दाखवून, पैसा देऊन, नाहीतर त्याच्या मनात ओढ निर्माण करून. पहिले दोन मार्ग हार्ड पॉवरचे, तिसरा सॉफ्ट पॉवरचा. मी हे वाचलं तेव्हा मला गोदीतला गहू दिसला. तोच दाणा, त्याच बोटी. १९६० मध्ये त्यातून ओढ निर्माण होत होती आणि १९६६ मध्ये धाक. म्हणून लष्कर म्हणजे हार्ड आणि अन्न, सिनेमा, पुस्तकं म्हणजे सॉफ्ट, अशी जी सोपी वाटणी केली जाते ती मला मान्य नाही. देणारा हात कधी आखडेल हे घेणाऱ्याला कळेनासं झालं, की अन्नाचंही हत्यार होतं.

माझ्या आईकडचा तराजू निराळा होता. मामा कराडजवळच्या शाळेत शिक्षक. त्यांच्याकडे 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक यायचं. गुळगुळीत कागद, गव्हाची अफाट शेतं, हसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या बायका. वाचून झालं की त्याच कागदाची कव्हरं आमच्या वह्यांना. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून मामा रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं आणायचे, जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची, आमच्यासारख्यांना परवडतील अशी. बर्फ म्हणजे काय हे मला त्या पुस्तकांनी शिकवलं. मॉस्कोतल्या मुलाची आई त्याला स्वेटर घालते ते चित्र मला अजून दिसतं. त्या देशाबद्दल माझ्या मनात जी माया होती ती कुणी शिकवलेली नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं. ती छापून, अनुवाद करून, समुद्रापार पाठवलेली होती, हे कळायला बराच काळ जावा लागला. कळल्यावरही ती माया गेली नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये मामांना आपण बरोबर होतो याचा पुरावाच मिळाला. अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे निघाली. सातवं आरमार हा शब्द गावातल्या पोरांच्याही तोंडी झाला. तिकडे सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं भारतासाठी तीनदा नकाराधिकार वापरला. ऑगस्टमध्येच मैत्रीचा करार झालेला होता. मामांनी पारावर उभं राहून भाषण केलं, आणि एरवी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली होती आणि हजारो अमेरिकन तरुण तिला आले होते, हे आमच्या पारावर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या तरुणांचा आवाज आमच्यापर्यंत येता, तर अमेरिकेबद्दलचा राग थोडा तरी निवला असता.

मामांना मी कॉलेजात असताना प्रागबद्दल विचारलं. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. मामा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमच्याशी ते चांगले वागले." यापुढे ते गेले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, ओढीतून आलेल्या सत्तेचा हाच खरा धोका आहे. धाकाखालचा माणूस डोळे उघडे ठेवतो. प्रेमात पडलेला मात्र दुसऱ्याच्या अंगणातले रणगाडे बघत नाही. मामा प्रामाणिक होते, म्हणूनच ते मला जास्त लागलं. आणि सोव्हिएत मैत्रीतही नुसती पुस्तकं नव्हती; नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बनत होती.

अमेरिकेच्या हिशेबात मात्र काही गोष्टी उशिरा जमा झाल्या. गव्हाचे जे रुपये इथे साठले होते, त्यांतले १,६६४ कोटी त्यांनी १९७४ मध्ये भारताला सोडून दिले. राजदूत मॉयनिहान यांनी तेवढ्या रकमेचा धनादेशच दिला. साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली जात होती. त्यांत मराठीही होती. माझी भाची शिकागोला शिकत असताना तिथल्या ग्रंथालयात तिला एक मराठी कादंबरी सापडली आणि आतल्या पानावर 'पी. एल. ४८०' असा शिक्का. तात्यांनी ज्या गव्हाची पोती मोजली, त्याच्याच पैशातून मराठी पुस्तकं मिशिगन सरोवराच्या काठी जपली गेली. माणला मिलो पाठवणारा, बोट अडवणारा आणि आपली कादंबरी जपणारा देश एकच. तात्यांना हे सांगायला हवं होतं, पण ते तोवर राहिले नव्हते.

आता देणाऱ्यांच्या रांगेत आपणही आहोत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधल्या कोविडच्या लशी भूतान, मालदीव, बांगलादेश, नेपाळला गेल्या. पुणेकर म्हणून मला त्याचा मनापासून अभिमान वाटला. मग इथे दुसरी लाट आली, निर्यात थांबली. नेपाळमध्ये पासष्टीच्या पुढच्या तेरा-चौदा लाख लोकांनी पहिला डोस घेतला होता. त्यांचा दुसरा अडकला. तो ऑगस्टमध्ये जपाननं पाठवला.

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे. त्यांची आई त्या वाट पाहणाऱ्यांतली. त्यांना मी दुसऱ्या लाटेतल्या त्या एप्रिलबद्दल सांगितलं. इथे ऑक्सिजन नव्हता, खाटा नव्हत्या, आमच्याच गल्लीत किती माणसं गेली ते त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. ते म्हणाले, "मला माहीत आहे साहेब. पण आई गावात सगळ्यांना सांगते, पहिली सुई भारताची, दुसरी जपानची."